शेवटचे दहा मीटर : घरगुती वायफायच्या प्रश्नाचा आढावा

पुण्या-मुंबईतल्या साध्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्येही आता शंभर एमबीपीएसचे फायबर येते, आणि त्याच फ्लॅटच्या आतल्या खोलीत व्हिडिओ कॉलवरचा चेहरा मधेच गोठतो. एचडी चित्रपटाला पाचेक एमबीपीएस पुरतात, फोर-केला पंधरा, कॉलला तीन-चार. म्हणजे गरजेच्या कितीतरी पट वेग दाराशी येतो आणि पुढच्या दहा मीटरांत कुठेतरी जिरतो. कुठे जिरतो, हे ज्याला विचाराल तो वेगळे सांगतो. केबलवाला भिंतींकडे बोट दाखवतो, दुकानदार जुन्या राउटरकडे, सोसायटीतला जाणकार शेजाऱ्यांच्या राउटरांकडे. कस्टमर केअरवाले राउटर बंद करून पुन्हा चालू करायला सांगतात. यातले कुणी खोटे बोलत नाही. प्रत्येकाला आपापल्या वाटणीचा दोष तेवढा दिसतो.

गेल्या पंचवीस वर्षांत रेडिओ अभियंते, नेटवर्कचे संशोधक, बांधकामवाले आणि नियामक या सगळ्यांचा या प्रश्नाशी आपापल्या बाजूने संबंध आला. त्यांचे निष्कर्ष एकमेकांना फारसे खोडून काढत नाहीत, कारण ते वेगवेगळ्या दुखण्यांबद्दल बोलत असतात. खरी भांडणे आहेत ती उपायांवरून आणि जबाबदारी कुणाची यावरून.

बिनपरवान्याची जागा

वायफायचे गुण आणि दुखणी एकाच निर्णयातून आली. अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने १९८५ मध्ये उद्योग, विज्ञान आणि वैद्यकासाठी राखलेले काही पट्टे बिनपरवाना संदेशवहनाला मोकळे केले. त्यातला २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा मायक्रोवेव्ह ओव्हनचा, म्हणून दळणवळणवाल्यांच्या लेखी टाकाऊ. १९९७ मध्ये आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेने ८०२.११ हे मानक प्रसिद्ध केले तेव्हा त्याचा कमाल वेग सेकंदाला २ मेगाबिट होता. १९९९ मध्ये तो ११ झाला. घराच्या आत लहरी भिंतींवर आपटून एकाच संदेशाच्या अनेक प्रती मागेपुढे पोचतात, ही तेव्हाची मोठी अडचण होती. तिच्यावर ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ संस्थेत जॉन ओसुलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदीच्या दशकात केलेले काम पुढे गाजले, आणि त्याच्या पेटंटावरून खटलेही झाले.

आपल्याकडे १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यानुसार बिनतारी यंत्र नुसते बाळगायलाही परवाना लागत असे. जानेवारी २००५ च्या अधिसूचनेने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा त्यातून सुटला. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बरीच वर्षे छपराखालच्या, कमी ताकदीच्या वापरापुरतीच मोकळीक होती; ऑक्टोबर २०१८ मध्ये ती वाढवून एकूण ६०५ मेगाहर्ट्झ जागा खुली झाली. या मोकळिकीला एक अट कायम चिकटलेली आहे. पट्टा सर्वांचा, त्यामुळे शेजाऱ्याच्या राउटरने आपल्या सिग्नलात व्यत्यय आणला तरी त्याविरुद्ध दाद मागता येत नाही. मोबाइल कंपनी लिलावात कोट्यवधी मोजून आपला पट्टा घेते आणि त्यात दुसऱ्याला शिरू देत नाही. वायफाय फुकट आहे, आणि फुकटची किंमत ती ही.

मार्च २०२० पर्यंत यावर फारसे कुणाचे अडत नव्हते. राउटर दिवाणखान्यात, टीव्ही दिवाणखान्यात, आणि लोकही संध्याकाळी तिथेच. टाळेबंदीत एका घरात एक कचेरी आणि दोन शाळा एकाच वेळी भरू लागल्या, त्याही दारे लावून वेगवेगळ्या खोल्यांत. घरगुती वायफायच्या तक्रारी तेव्हापासून कुरबुरीच्या पातळीवर राहिल्या नाहीत.

भिंतीचा दोष

रेडिओ अभियंत्यांचे म्हणणे सरळ आहे : मधे भिंत आहे, म्हणून सिग्नल क्षीण आहे. सिग्नल डीबीएममध्ये मोजतात आणि आकडा उणे असतो. उणे ५० म्हणजे राउटरशेजारी बसल्यासारखे. उणे ६७ पर्यंत कॉल आणि व्हिडिओ नीट चालतात, उणे ७० च्या खाली रडतखडत, आणि उणे ८० ला जोडणी नावापुरती उरते. तीन डेसिबल गेले की ताकद निम्मी होते, दहा गेले की दहावा हिस्सा. अमेरिकेच्या एनआयएसटी या मापन संस्थेने १९९७ मध्ये वीट, काँक्रीट, काच, लाकूड अशा बांधकाम साहित्यातून लहरी किती क्षीण होतात याची मोजमापे प्रसिद्ध केली; आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशींतही त्यासाठी सूत्रे आहेत. नेटवर्क आखणारे ढोबळमानाने लाकडी दाराला तीन-चार डेसिबल धरतात, विटांच्या पातळ भिंतीला त्याच्या दुप्पट, आणि लोखंड घातलेल्या काँक्रीटच्या भिंतीला पंधरा-वीस किंवा त्याहून जास्त. वारंवारता वाढली की हे आकडे वाढतात, म्हणून ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल वेगवान असूनही पहिल्या दोन भिंतींतच थकतो.

इथे आपल्या घरांबद्दल थोडे थांबून बोलायला हवे, कारण राउटरच्या खोक्यावर छापलेला चौरस फुटांचा आकडा आपल्या भिंती पाहून छापलेला नसतो. अमेरिकी घराच्या आतल्या भिंती बहुधा लाकडी चौकटीवर ठोकलेल्या जिप्समच्या पाट्यांच्या असतात. लहरींना त्या जवळजवळ पारदर्शक. आपल्याकडच्या जुन्या आरसीसी इमारतीत खांब आणि तुळया काँक्रीटच्या, मधल्या भिंती विटांच्या. तिथे अजून निभावते. गेल्या काही वर्षांत मुंबई, ठाणे आणि पुण्यात उभे राहिलेले बरेच टॉवर मात्र 'मायवान' पद्धतीचे आहेत. ॲल्युमिनियमचे साचे लावून भिंती आणि स्लॅब एकत्र ओततात, म्हणजे न्हाणीघर आणि बेडरूम यांमधली भिंतसुद्धा लोखंडी जाळी घातलेल्या काँक्रीटची. अशा सातशे फुटी फ्लॅटमध्ये दिवाणखान्यातला राउटर मागच्या खोलीत पोचत नाही आणि मालक कंपनी बदलत राहतो. कोकणात आणि गोव्यात जांभ्याच्या चिऱ्याच्या जाड भिंती असतात, आणि पावसाळ्यात त्या पाणी धरतात. ओली भिंत कोरड्या भिंतीपेक्षा जास्त सिग्नल खाते. पुण्याच्या जुन्या वाड्यांच्या हातभर जाडीच्या भिंतींबद्दल तर बोलायलाच नको.

त्यात राउटरची जागा कुणी ठरवून निवडलेली नसते. फायबर आणणाऱ्या मुलाने जिथे ड्रिल मारले तिथे राउटर बसतो, आणि ते ड्रिल मुख्य दाराच्या वर किंवा बाल्कनीच्या कोपऱ्यात पडते, म्हणजे घराच्या एका टोकाला. मग दिसायला बरे वाटावे म्हणून तो टीव्हीच्या मागे किंवा बंद कपाटात जातो. लोखंडी गोदरेज कपाट, भिंतभर आरसा आणि खिडकीची परावर्तक काच लहरी परतवतात. राउटर उघड्यावर, डोक्याच्या उंचीवर आणि घराच्या मध्याकडे आणणे हा एकमेव बिनपैशाचा उपाय आहे आणि त्याबद्दल कुणाचेही दुमत नाही. तो केला जात नाही, कारण फायबरची तार आणखी पाच मीटर दिवाणखान्यातून लोंबलेली घरात कुणालाच चालत नाही.

राउटरची ताकद वाढवावी हा सल्ला वारंवार दिला जातो. त्यावरचा आक्षेप असा की संभाषण दुतर्फा असते. राउटरची ताकद वाढली तरी फोनची तेवढीच राहते. फोनला राउटर ऐकू येतो, राउटरला फोन येत नाही. पडद्यावर रेंज फुल दिसते आणि संदेश जात नाही.

गर्दीचा दोष

रेंज फुल आणि नेट ठप्प, या तक्रारीचे दुसरे उत्तर नेटवर्क संशोधकांकडे आहे. एका चॅनलवर एका वेळी एकच यंत्र बोलू शकते. प्रत्येक यंत्र आधी ऐकते, शांतता असेल तर बोलते, नसेल तर थांबते. २.४ गिगाहर्ट्झमध्ये आपल्याकडे १३ चॅनल दिसतात, पण ते पाच-पाच मेगाहर्ट्झवर आहेत आणि प्रत्येक प्रक्षेपणाला वीसची रुंदी लागते. एकमेकांच्या अंगावर न चढणारे त्यातले तीनच : १, ६ आणि ११. रात्री नऊला दाट वस्तीतल्या इमारतीत फोनवर नावांची यादी उघडली तर ती बोटाने वर सरकवत न्यावी लागते, आणि ती सगळी नावे या तीन जागांत दाटलेली असतात.

यातून एक सर्रास गैरसमज जन्मतो. ३ किंवा ४ नंबरचा चॅनल रिकामा दिसतो म्हणून लोक तो निवडतात. एकाच चॅनलवरचे दोन राउटर एकमेकांना ओळखतात आणि पाळी लावून घेतात. अर्धवट एकमेकांवर चढलेल्या चॅनलांना परस्परांचे बोलणे समजत नाही, त्यांना तो नुसता गोंगाट असतो. रिकाम्या दिसणाऱ्या जागी बसलेला माणूस स्वतःचे नुकसान करतो आणि १ व ६ वर बसलेल्या दोन्ही शेजाऱ्यांचेही.

२००३ मध्ये फ्रान्समधल्या ग्रनोबल इथल्या मार्टिन ह्यूस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलेली गोष्ट घरगुती तक्रारींत सर्वांत कमी ओळखली जाते. वायफाय प्रत्येक यंत्राला बोलण्याची संधी समान देते, वेळ समान देत नाही. लांबच्या खोलीतले जुने यंत्र तेच पाकीट (माहितीचा तुकडा) पाठवायला दहापट वेळ घेते आणि तेवढा वेळ जवळची वेगवान यंत्रेही खोळंबतात. खंबाटकीच्या घाटात पुढे एक ओझ्याचा ट्रक असला की मागच्या सगळ्या गाड्यांचा वेग ट्रकचा होतो, तसे. गॅलरीतला स्वस्त सीसीटीव्ही कॅमेरा दिवसभर कण्हत चित्रे पाठवत असेल, तर दिवाणखान्यातल्या नव्या फोनची तक्रार त्याच्यामुळे असू शकते.

याखेरीज वायफाय नसलेल्या वस्तूंचा त्रास आहेच. मायक्रोवेव्ह ओव्हन, ब्लूटूथ, आणि इंटेलने २०१२ च्या टिपणात दाखवल्याप्रमाणे यूएसबी ३ च्या तारांतून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास झिरपणारा गोंगाट. राउटरला खेटून ठेवलेली हार्ड डिस्क हा त्याचा नेहमीचा नमुना. ५ गिगाहर्ट्झमधल्या काही चॅनलांवर रडारचाही हक्क असतो. रडार ऐकू आले की राउटर चॅनल सोडून देतो आणि जोडणी मिनिटभर तुटते.

या दोषावर उत्पादकांचे उत्तर म्हणजे नवी पिढी. २०१९ पासून प्रमाणित होऊ लागलेल्या वायफाय ६ मध्ये एकच पाळी अनेक यंत्रांत वाटून देण्याची सोय आली, आणि जानेवारी २०२४ पासून प्रमाणपत्रे मिळू लागलेल्या वायफाय ७ मध्ये एका वेळी दोन पट्टे वापरण्याची. त्यावरचा आक्षेप असा, की हा लाभ घरातली आणि शेजारची बहुतेक यंत्रे नवी असतील तेव्हाच पुरता दिसतो. आपल्या घरात दहा वर्षांपूर्वीचा टॅब आणि कालचा फोन एकत्र नांदतात. मला आक्षेप रास्त वाटतो. मात्र चार-पाच वर्षांत तो आपोआप कमजोर होत जाईल.

रांगेचा दोष

तिसरे उत्तर सिग्नलशी संबंधितच नाही. बेल लॅब्जमध्ये काम करणारे जिम गेटिस यांना २०१० च्या सुमारास आपल्याच घरच्या जोडणीत एक विचित्र गोष्ट आढळली : मोठी फाइल चढत असताना बाकी सगळे सेकंद-सेकंदभर अडकत होते, पण वेग मोजला तर उत्तम. कारण निघाले मेमरी. मेमरी स्वस्त झाली तशी राउटर आणि मोडेम यांत पाकिटे साठवायच्या मोठाल्या रांगा आल्या. फाइलची हजारो पाकिटे त्या रांगेत उभी राहतात आणि कॉलचे चिमुकले पाकीट त्यांच्या मागे. गेटिस यांनी याला 'बफरब्लोट' म्हटले. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी रांगेत कुणी किती वेळ अडकले हे पाहून वेळीच पाकिटे गाळण्याची पद्धत मांडली. तिचे विकसित रूप २०१८ मध्ये इंटरनेटच्या अधिकृत दस्तऐवजांत आले.

घरातले दृश्य असे असते. संध्याकाळी एकाचा फोन दिवसभराचे फोटो क्लाउडवर चढवू लागतो आणि शेजारच्या खोलीत दुसऱ्याचा कॉल तुटतो. राउटर हलवून, चॅनल बदलून, नवे यंत्र आणून काही फरक पडत नाही. राउटरमध्ये रांग आवरण्याची सोय चालू केली आणि कमाल वेग जोडणीच्या खऱ्या वेगापेक्षा थोडा कमी ठेवला की तक्रार मिटते. अशी सोय ओपनडब्ल्यूआरटीसारख्या मुक्त प्रणालीत आणि काही महागड्या राउटरांत आहे; जोडणीसोबत मिळणाऱ्या साध्या राउटरांत ती क्वचितच दिसते.

यावर दोन मते आहेत. एका मते तांब्याच्या तारेच्या काळातला हा प्रश्न फायबरने संपवला. शंभर-दोनशे एमबीपीएसची जोडणी तुंबतेच कुठे? दुसऱ्या मते रांग नुसती हलली. फायबर वायफायपेक्षा वेगवान झाले, त्यामुळे पाकिटे आता दारात तुंबण्याऐवजी राउटरच्या अँटेनाशी तुंबतात. टोके हॉयलंड-योर्गेन्सन आणि सहकाऱ्यांच्या २०१७ च्या निबंधाने वायफायच्या आतल्या रांगा आणि वर सांगितलेली हवेतल्या वेळेची असमान वाटणी या दोन्हींवर लिनक्समध्ये इलाज करून दाखवला, तेव्हापासून दुसऱ्या मताचे पारडे जड आहे असे म्हणावे लागेल.

दाराबाहेरचा दोष

चौथा दोष कंपनीच्या हद्दीतला, आणि तो ओळखायला सर्वांत सोपा. फायबरच्या पेटीवर एलओएसचा, म्हणजे सिग्नल हरवल्याचा, लाल दिवा लागला असेल तर वायफायशी झगडण्यात अर्थ नाही. पेटीच्या सेटिंगच्या पानावर तारेतून येणाऱ्या प्रकाशाची ताकदही दिसते. ती उणे २७ डीबीएमच्या जवळ गेली असेल तर जोडणी काठावर आहे. तार फार वाकवली, कपाटाच्या फटीत दाबली, खांबावरच्या जोडात पाणी शिरले, रस्ता खणला, माकडांनी उड्या मारल्या, अशी कारणे नित्याची. जीपॉन या प्रचलित पद्धतीत एका फायबरचे सुमारे अडीच गिगाबिट ३२ किंवा ६४ घरांत वाटले जातात, म्हणून रात्रीची मंदी इथूनही येऊ शकते. २०२३ पासून ५जी लहरींवर चालणाऱ्या घरगुती जोडण्या आल्या. तिथे रात्रीची मंदी टॉवरवरच्या गर्दीची असते आणि राउटर बदलून ती हटत नाही.

विजेचा भाग लोक विसरतात. दिवा नुसता लुकलुकला तरी राउटर नव्याने सुरू होतो आणि पुढची दोन-तीन मिनिटे नेट नसते. घरातला राउटर इन्व्हर्टरवर असतो, पण जिन्यातल्या पेटीतला केबलवाल्याचा स्विच नसतो. भारनियमनाच्या गावांत बारा व्होल्टचा छोटा यूपीएस बाकी सगळ्या उपायांपेक्षा गुणकारी ठरतो. जाहिरातींत मात्र तो कुठे नसतो.

घराबाहेरचा दोष जास्त की आतला? श्रीकांत सुंदरेसन, निक फीमस्टर आणि रेनाता तेशेरा यांनी अमेरिकेतल्या अडीच हजारांहून जास्त घरांच्या आधारे २०१६ मध्ये लिहिले, की जोडणी २० एमबीपीएसच्या वर गेली की अडथळा बहुधा घरातल्या वायफायचा असतो आणि त्याखाली बाहेरच्या तारेचा. तिकडच्या लाकडी भिंतींत जर ही रेषा २० वर पडत असेल, तर मायवानच्या फ्लॅटमध्ये ती आणखी खाली पडायला हवी, असा माझा कयास आहे.

मोजायचे कसे

दोष चार असतील तर मोजणीही चार ठिकाणी हवी, एवढे सर्वमान्य आहे. लॅपटॉप तारेने राउटरला जोडून मोजा; तिथेच वेग कमी असेल तर कंपनीला फोन करा. तारेवर ठीक असेल तर राउटरच्या खोलीत फोनवर मोजा. तिथे बिघडत असेल तर गर्दी किंवा जुने यंत्र. तिथेही ठीक आणि आतल्या खोलीत बिघडत असेल तर भिंत. सगळीकडे वेग ठीक आणि तरी कॉल तुटत असतील तर एक मोठी फाइल चढवत ठेवून विलंब पाहा; वीस मिलिसेकंदांचे दोनशे होत असतील तर रांग. लॅपटॉपांतून तारेची खाचच नाहीशी झाल्याने पहिली पायरी हल्ली बहुतेक घरांत गाळली जाते, आणि पुढचा सारा तपास लंगडा होतो.

वेगमापनाच्या ॲपवर कितपत विसंबावे याबद्दल मात्र दुमत आहे. कंपन्या ते प्रमाण मानतात. टीकाकारांचे म्हणणे असे की ही चाचणी अनेक समांतर जोडण्या उघडून, बहुधा कंपनीच्याच जाळ्यातल्या जवळच्या सर्व्हरशी बोलते. ती काही सेकंदांची कमाल सांगते, दिवसभरातले वाईट क्षण सांगत नाही. कॉल त्या वाईट क्षणांत तुटतो. ॲपलने २०२१ मध्ये आपल्या संगणकांत भाराखालच्या प्रतिसादाची चाचणी घातली, इतरांनीही भाराखालचा विलंब दाखवायला सुरुवात केली. पण प्लॅनच्या जाहिरातीत अजून एमबीपीएसच छापले जातात.

उपायांवरचे वाद

सर्वांत जुना वाद रिपीटरचा. तो स्वस्त आहे, आणि त्याच्यावरचा आक्षेपही जुना : एकाच चॅनलवर ऐकून पुन्हा बोलायचे असल्याने वेग जवळपास निम्मा होतो. त्यात लोक तो मृत खोलीतच लावतात, जिथे त्यालाही सिग्नल नसतो. २०१६ च्या आसपास घरगुती मेश संच बाजारात आले; अनेक पेट्या एकाच नावाने नांदतात आणि महाग संचांत आपसांत बोलायला वेगळा पट्टा असतो. मेशचे समर्थक सांगतात की सामान्य माणसाला झेपणारा हाच उपाय आहे. तारेचे पुरस्कर्ते म्हणतात की पेट्यांमधली बिनतारी जोडणी त्याच काँक्रीटमधून जाते, म्हणून पेट्या कॅट-६ तारेने जोडा, मग त्या स्वस्तातल्या असल्या तरी चालतील. तांत्रिक बाजूने तारवाल्यांचे म्हणणे बिनतोड आहे. व्यवहारात भाड्याच्या घरात भिंत कोण फोडणार, हा प्रश्न उरतोच. विजेच्या तारांतून नेट नेणारी यंत्रेही मिळतात. ती वेगवेगळ्या फेजवर नीट चालत नाहीत आणि इन्व्हर्टरच्या वायरिंगमध्ये त्यांचा भरवसा नाही.

दोन पट्ट्यांना एकच नाव द्यावे की वेगळी, यावरही तट आहेत. एक नाव दिले तर यंत्र स्वतः निवडते. वेगळी दिली तर माणूस निवडतो. राउटर कितीही हुशार असला तरी कोणत्या पेटीला चिकटायचे हे अखेर फोन ठरवतो, आणि फोन चिकट असतात. आयफोन सिग्नल उणे ७० डीबीएमच्या खाली जाईपर्यंत दुसरी पेटी शोधायलाच निघत नाही, असे ॲपलच्याच कागदपत्रांत आहे. घरात स्मार्ट बल्ब किंवा कॅमेरे असतील तर २.४ ला वेगळे नाव द्यावे, कारण ती यंत्रे बहुधा तेवढेच ओळखतात. नाहीतर एक नाव पुरे.

आणि राउटर बंद-चालू करणे? त्याची चेष्टा होते, पण त्याने भरलेली मेमरी रिकामी होते आणि राउटर पुन्हा ऐकून नवा चॅनल निवडतो. अडचण एवढीच की त्याने कारणही पुसले जाते.

न सुटलेले

पहिला खुला प्रश्न ६ गिगाहर्ट्झचा. अमेरिकेने २०२० मध्ये या पट्ट्यातले १२०० मेगाहर्ट्झ बिनपरवाना वापराला दिले, युरोपने २०२१ मध्ये खालचे सुमारे ५००. भारतात मोबाइल कंपन्यांना हा पट्टा ५जी-६जी साठी लिलावात हवा होता. तंत्रज्ञान कंपन्या आणि ब्रॉडबँडवाल्यांना तो वायफायसाठी मोकळा. मे २०२५ मध्ये दूरसंचार विभागाने खालच्या ५०० मेगाहर्ट्झमध्ये घरातल्या कमी ताकदीच्या वापराला मोकळीक देणारा मसुदा काढला. वरच्या भागावर मोबाइलवाल्यांचा डोळा आहे. दोन्ही बाजूंच्या युक्तिवादात तथ्य आहे, पण भिंतीचा मुद्दा दोघेही फारसा काढत नाहीत : ६ गिगाहर्ट्झ काँक्रीटपुढे ५ पेक्षाही दुबळे आहे. त्यामुळे शेजाऱ्यांची गर्दी आत येणार नाही हे खरे, आणि आपला सिग्नल आपल्याच बेडरूममध्ये जाणार नाही हेही खरे.

दुसरा, मानके कुणीकडे चालली आहेत हा. इतकी वर्षे प्रत्येक नवी पिढी कमाल वेगाचा आकडा मिरवत आली. पुढची, ८०२.११बीएन, २०२८ च्या सुमारास अपेक्षित आहे आणि तिच्या कामाचे शीर्षकच अतिविश्वासार्हतेचे आहे : खराब सिग्नलात टिकणे, वाईटातला वाईट विलंब घटवणे, एका पेटीवरून दुसरीवर जाताना पाकिटे न सांडणे. अभियंत्यांनी तक्रार ऐकली, असे यातून दिसते. ते कागदावरचे उद्दिष्ट घरापर्यंत किती टिकेल हे सांगणे आज शक्य नाही.

तिसरा प्रश्न जबाबदारीचा. कंपनीची जबाबदारी व्यवहारात फायबरच्या पेटीशी संपते. ब्रिटनमध्ये काही कंपन्या प्रत्येक खोलीत वायफाय पोचवण्याची हमी जादा पैसे घेऊन विकतात. आपल्याकडे अशी हमी रूढ नाही, आणि आपल्या भिंती पाहता ती देणाऱ्याचे गणित कसे बसेल हेही स्पष्ट नाही. ट्राय या दूरसंचार नियामकाने ऑक्टोबर २०२४ मध्ये इमारतींना डिजिटल जोडणीवरून मानांकन देण्याचे विनियम काढले. फायबरची तयारी, मोबाइलची रेंज, वायफाय, वेग असे निकष त्यात आहेत, पण मानांकन घेणे ऐच्छिक आहे. मुंबई-पुण्यात शेकडो सोसायट्या सध्या पुनर्विकासाच्या वाटाघाटींत आहेत. चटई क्षेत्र, कॉर्पस, पार्किंग यांवर महिनोन्महिने खल होतो. जिन्यातल्या डक्टपासून प्रत्येक खोलीपर्यंत नेटच्या तारेसाठी रिकामा पाइप हवा, ही मागणी यादीत क्वचित असते. विटांच्या भिंतीत ती नंतरही भागवता येई. मायवानच्या भिंतीत नंतर झिरी मारता येत नाही. पाइप काँक्रीट ओतण्याआधीच टाकावा लागतो.